वसंतातले उद्योग आणि चिवट मुलं: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

थंडी ओसरली की पालकांच्या प्रश्नांचा सूर बदलतो. हिवाळाभर ‘घरात कसं गुंतवून ठेवू’ असं विचारणारे आईबाबा आता विचारतात, ‘बाहेर नेऊ तर किती मोकळं सोडू?’ गेली काही वर्षं पालकांच्या गटांबरोबर काम करताना जे प्रश्न पुन्हापुन्हा आले, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘रेझिलियन्स’ म्हणजे नक्की काय? मूल कणखर करायचं म्हणजे त्याला रडू द्यायचं नाही, असं का?

छापील लेखांत यासाठी ‘मानसिक लवचिकता’ हा शब्द भेटतो. मला ‘चिवटपणा’ जवळचा वाटतो, कारण त्याच्या शेजारी ‘सोशिकपणा’ ठेवून फरक बघता येतो. सोशिक मूल त्रास मुकाट गिळतं. मोठ्यांना ते सोयीचं असतं, म्हणून त्याचं कौतुकही फार होतं. चिवट मूल रडतं, चिडतं, पाय आपटतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा त्याच गोष्टीला हात घालतं, नाहीतर मदत मागायला येतं. ते पुन्हा येणं महत्त्वाचं. मधल्या रडण्याची मोजदाद ठेवायचं कारण नाही.

२. हा गुण जन्मजातच असतो ना? आमचा मोठा पहिल्यापासून बिनधास्त, धाकटी हळवी.

स्वभावाचा वाटा असतोच. पण तेवढ्यावर सगळं ठरत नाही. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रुथ स्मिथ यांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, घरातली सततची भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक गोष्टी ज्यांच्या वाट्याला एकदम आल्या होत्या, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी धडधाकट मनाची, कामात आणि नात्यांत स्थिर माणसं झाली. त्यांच्यात दोन गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या. एक, घरातलं किंवा घराबाहेरचं निदान एक तरी मोठं माणूस त्यांच्या पाठीशी कायम होतं. दुसरी गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली: अनेकांवर लहानपणी घरातल्या एखाद्या कामाची खरी जबाबदारी होती, त्यांच्या न करण्याने कुणाचं तरी अडलं असतं.

ॲन मास्टेन या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली यालाच ‘साधीसुधी जादू’ म्हटलं. त्यांच्या मते या मुलांमध्ये काही अलौकिक नसतं. आधार देणारं माणूस, शिकायची संधी, स्वतःला आवरता येणं अशा रोजच्या गोष्टी शाबूत राहिल्या की मूल सावरतं. हळव्या धाकटीसाठी प्रश्न १२ पाहा.

३. मग त्यासाठी वसंत ऋतूच कशाला?

वसंतात काही मंतरलेलं नसतं. उत्तर गोलार्धात २० मार्चच्या आसपास आणि दक्षिण गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र साधारण समान होतात, पुढे दिवस मोठा होत जातो आणि संध्याकाळी बाहेर रेंगाळायला वेळ मिळतो. पहिला फायदा एवढाच.

दुसरा फायदा असा की हा ऋतू बेभरवशाचा असतो. सकाळी ऊन, दुपारी वारा, निघायच्या वेळेला सर. पेरलेल्यातलं अर्धं उगवतं. पतंग वर जातो आणि पडतो. अशा छोट्या, झेपतील एवढ्या निराशा मुद्दाम तयार करायला गेलं तर मुलांना लगेच कळतं आणि मग ती आपल्यावर चिडतात, तेही बरोबरच आहे. इथे त्या आयत्या मिळतात, आणि त्यासाठी कुणालाही दोष देता येत नाही. ढगावर किती वेळ रागावणार?

४. कोणत्या वयात कोणते उद्योग करावेत?

काटेकोर तक्ता मी देत नाही, कारण पाच वर्षांची दोन मुलं एकसारखी नसतात. अंदाज मात्र असा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला डबकं, माती, काठी आणि भरपूर वेळ पुरतो. चार ते सहाच्या वयात बी पेरणं, पाणी घालणं, गोगलगाय कुठून कुठे गेली ते बघणं. सात-आठनंतर काम पूर्णपणे सोपवून बघा: आजच्या फेरीची वाट तो ठरवेल, सामानाची यादी ती करेल, आणि काही विसरलं तर विसरलेल्याशिवाय दिवस काढायचा. बाराच्या पुढच्या मुलांना ‘कौटुंबिक उपक्रम’ हे शब्दच नकोसे होतात. त्यांना धाकट्यांची जबाबदारी द्या, नाहीतर एक मित्र बरोबर आणू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे: १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि ५ ते १७ वयोगटात दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. दम लागणं म्हणजे मैदानावरचा व्यायामच असं नाही. टेकाड चढणं चालतं.

५. आम्हाला अंगण नाही, बाल्कनीही नाही. मग?

खिडकीची कड, एक पेला आणि ओला कापूस. पेल्याच्या काचेला चिकटवून घेवड्याचं बी ठेवलं की मूळ आधी खाली जाताना दिसतं आणि कोंब नंतर वर येतो. अंगणातल्या मातीत हे दिसतच नाही. दुसरा उद्योग: रस्त्यावरचं एकच झाड निवडा आणि दर आठवड्याला त्याच फांदीसमोर उभं राहून काय बदललं ते सांगायचं. पैसा लागत नाही, पण सातत्य लागतं, आणि तेच अवघड जातं.

६. मुलीने पेरलेलं रोप मेलं. दोन दिवस रडतेय. गुपचूप नवीन लावून टाकू का?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि माझं उत्तर अनुभवातून आलेलं आहे: नको.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिच्या सूर्यफुलाचं रोप रात्रीत आडवं झालं. ती उठायच्या आत मी शेजारच्या कुंडीतलं दुसरं उपटून तिच्या कुंडीत लावलं, माती हाताने दाबली, वरून पाणी शिंपडलं आणि साळसूदपणे चहा प्यायला बसले. ती आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘माझ्याच्या एका पानाला चावा होता.’ मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. ती वाद न घालता निघून गेली आणि त्या कुंडीकडे पुन्हा फिरकली नाही. माझी लबाडी तिने पकडली याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. पण तिचं दुःख तिच्याजवळ राहू द्यायलाही मी तयार नव्हते, हे मात्र लागलं.

आता मी काय करते ते सांगते. आधी नुसतं शेजारी बसायचं. ‘हो, मेलं ते. तू रोज पाणी घालत होतीस.’ इतकंच. ‘जाऊ दे, आपण दुसरं आणू’ हे वाक्य जिभेवर येतं, ते निदान त्या दिवशी गिळायचं. रडू ओसरलं की चौकशी करायची, आणि ती खरी करायची. मुलांची रोपं बहुतेक वेळा प्रेमापोटी मरतात, म्हणजे जास्त पाण्याने. रोप उपटून हातावर घ्या. जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला असेल तर ती बुरशी आहे. माळी याला रोपं कोलमडणं म्हणतात. सतत ओली माती आणि कोंदट हवा तिला मानवते. बी उगवलंच नसेल तर बोटाने उकरून बघा. सडलं असेल तर पाणी फार झालं, जसंच्या तसं असेल तर माती गार होती किंवा कोरडी. मुलांना हे उकरून बघणं फार आवडतं. दुःखाचं थोडंसं कुतूहल होतं, आणि तेवढ्याने पुढची पेरणी तिची तीच मागते.

पहिल्या खेपेला लवकर उगवणारं बी निवडा. उबदार मातीत मुळा चार ते सहा दिवसांत वर येतो, सूर्यफूल आणि घेवडा साधारण आठ-दहा दिवस घेतात. पाच वर्षांच्या मुलासाठी दहा दिवस म्हणजे युग. आणि एकाच ठिकाणी एकच बी कधीही पेरू नका. पाच पेरा.

७. मदत किती करायची आणि कधी?

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली मुलांना शिकवताना मोठ्यांनी दिलेल्या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. भिंत उभी राहीपर्यंत परांची हवी, मग उतरवायची. आपण पालक ती उतरवायलाच विसरतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या कित्येक मुलांच्या बुटाची नाडी अजून घरचे बांधून देतात, ‘उशीर होतो’ म्हणून.

व्यवहारात मी पायऱ्या धरते. आधी नुसतं थांबायचं, आणि ते खरोखर वीस आकडे मोजून, कारण आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण फार लवकर हात घालतो. मग प्रश्न विचारायचा: ‘कुठे अडकतंय?’ मग एक सूचना. मग एकदा करून दाखवायचं आणि परत सोडवून मुलाच्या हातात द्यायचं. पूर्ण करून देणं सगळ्यात शेवटी.

अपवादही आहेत. मूल भुकेलं, दमलेलं किंवा आजारी असेल तर पायऱ्याबियऱ्या सोडा आणि नाडी बांधून द्या. दमलेल्या मुलाला शिकवायला गेलं की फक्त भांडण होतं.

८. झाडावर चढू द्यायचं का? पडलं तर?

पडण्याची शक्यता शून्य करता येत नाही. नॉर्वेच्या संशोधक एलन सॅन्डसेटर यांनी २००७ साली मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धोक्याची अवजारं, पाणी किंवा आगीसारख्या गोष्टींजवळचा खेळ, मस्ती-कुस्ती, आणि एकट्याने दूर जाणं किंवा हरवणं. जवळजवळ सगळी मुलं यातलं काही ना काही शोधतातच. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली अशा खेळाची बाजू घेतली. त्यांच्या म्हणण्याचं सार असं: सुरक्षितता गरजेपुरती असावी, शक्य तेवढी सगळी नको.

माझ्या दृष्टीने मुख्य फरक जोखीम आणि धोका यांत आहे. जोखीम मुलाला दिसते आणि तोलता येते, जसं की ही फांदी माझं वजन पेलेल का? धोका त्याला दिसत नाही: फांदी आतून कुजलेली आहे, खाली काच पडली आहे, झाडातून विजेची तार गेली आहे. धोका आपण हटवायचा, जोखीम मुलाकडे ठेवायची.

चढण्याबाबत माझा नियम एकच: मी उचलून फांदीवर बसवत नाही. जे स्वतः चढतं, त्याला साधारण उतरताही येतं. वर अडकलं तर ‘सांभाळ!’ असं ओरडण्यात काही अर्थ नाही, त्यातून मुलाला काहीच कळत नाही. ‘डावा पाय कुठे ठेवणार आहेस?’ असं विचारलं की ते खाली बघतं आणि विचार करतं.

पाण्याला मात्र हे काही लागू नाही. लहान मूल पाचएक सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. पावसाने भरलेली बादली, बागेतलं उथळ तळं, ओढ्याचा काठ, सगळीकडे तुम्ही हाताच्या अंतरावर हवेच. फोन खिशात.

९. पतंग उडेना की मुलगा दोरा फेकून देतो आणि आरडाओरडा करतो. तेव्हा काय बोलायचं?

आधी वाऱ्याकडे बघा, कारण बहुतेक वेळा चूक मुलाची नसते. १८०५ साली फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याची जी मोजपट्टी तयार केली, तिच्या तिसऱ्या पायरीवर पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतात आणि हलका झेंडा पसरून फडकतो. ताशी १२ ते १९ किलोमीटर. पतंगासाठी हा वारा चांगला. पानं नुसती सळसळत असतील तर थांबा, मोठ्या फांद्या हलत असतील तर घरी जा. गडगडाट झाला किंवा जवळ विजेच्या तारा असल्या तर पतंग काढूच नका. हे मुलालाच वाचायला शिकवा. ‘मला जमत नाही’ याऐवजी ‘आज वारा दुसऱ्या पायरीवर आहे’ असं म्हणता येणं ही त्याच्यासाठी मोठी सुटका असते.

आणि तरीही दोरा फेकला तर? त्या क्षणी उपदेश डोक्यात शिरत नाही. भावनेला नाव द्या, थोडक्यात: ‘इतक्यांदा पळालास आणि पडलाच. संताप आलाय.’ मोठ्यांवरच्या एका प्रयोगात, २००७ साली, मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीती-संतापाशी जोडलेल्या भागाची धडपड मंदावते. मुलांच्या बाबतीत मी एवढंच सांगेन की नाव चुकीचं दिलं तर ती लगेच दुरुस्त करतात (‘संताप नाही, लाज वाटली!’), आणि दुरुस्त करता करता शांत होतात. मारणं, चावणं, वस्तू कुणाच्या अंगावर फेकणं हे मात्र हात धरून थांबवायचं. भावना चालते, मार नाही.

१०. ‘शाब्बास, किती हुशार आहेस!’ म्हणण्यात काय वाईट?

अधूनमधून म्हणालात तर आभाळ कोसळत नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हुशारीची स्तुती झालेली मुलं पुढच्या वेळी सोपं काम निवडायला लागली आणि अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. यातून काही पालकांनी ‘छान प्रयत्न केलास’ हा नवा मंत्र उचलला आणि तोही इतका वापरला की मुलं डोळे फिरवतात. त्यापेक्षा जे दिसलं ते सांगा: ‘शेपूट लांब केल्यावर पतंग गिरक्या घ्यायचा थांबला, तुझ्या लक्षात आलं होतं का?’

११. बाहेर नेलं तरी लक्ष मोबाइलमध्ये. बंदीच घालावी का?

फिरताना तुमचाही फोन खिशात असेल तर बंदी चालते, नाहीतर नाही. एक कारण पालकांना पटकन पटतं, ते डोळ्यांचं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला लावली. तीन वर्षांनी त्यांच्यात दूरचं अंधुक दिसण्याचा दोष नव्याने सुरू झालेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

१२. आमचं मूल फारच भित्रं आहे. किडा दिसला की किंचाळतं. ढकलून द्यावं का पाण्यात, म्हणजे भीती जाईल?

नाही. ढकललेलं मूल पोहायला शिकत असेल-नसेल, पण ढकलणाऱ्याजवळ उभं राहायचं नाही हे नक्की शिकतं. आणि प्रत्येक वेळी किड्यापासून दूर उचलून नेणंही नको. त्यातून किडा खरंच भयंकर आहे यावर आपणच शिक्का मारतो.

मधली वाट कंटाळवाणी आहे, पण चालते. मुलाबरोबर बसून भीतीची शिडी काढा. चित्रातला किडा, बंद बरणीतला किडा, चार पावलांवरचा, एका पावलावरचा, पानावर उचललेला. कोणत्या पायरीवर आज उभं राहायचं ते मूल ठरवेल. त्या पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबायचं, मगच पुढे. मागे जायची मुभा कायम. धिटुकल्या भावंडाला ‘बघ, तो कसा घाबरत नाही’ म्हणून पुढे करू नका. त्या वाक्याने दोघांचंही नुकसान होतं.

१३. वसंत आला की शिंका, डोळे लाल. बाहेर न्यावं की नाही?

वसंतात झाडांचे परागकण हवेत भरपूर असतात, आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी जास्त त्रास होतो. चांगली सर पडून गेल्यावर हवा बरीच धुतली जाते, तेव्हा बाहेर पडा. घरी आल्यावर कपडे बदला, केस धुवा, आणि बाहेरचे कपडे अंथरुणावर टाकू नका. धाप लागते, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो किंवा खोकल्याने झोप मोडते, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि औषध ठरल्याप्रमाणेच द्या. आजारी मुलाला ‘सहन कर’ म्हणणं चिवटपणात मोडत नाही.

१४. संयम मीच गमावते. फिरायला गेलो आणि चिखल बघून मी अख्ख्या वाटेत ओरडले. सगळं वाया गेलं का?

वाया गेलेलं नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांच्या संवादाचे बारीक निरीक्षण केलं तेव्हा दिसलं की चांगल्या, प्रेमळ जोड्यांतही सूर जुळलेला वेळ निम्म्याहून कमी भरतो. बाकी वेळ सूर चुकतो आणि पुन्हा लावला जातो. बाळ शिकतं ते या लावून घेण्यातून.

मोठ्या मुलाजवळ हे शब्दांत करता येतं. ‘चिखलावरून मी फार ओरडले. दमले होते, पण ओरडणं चुकलंच. बूट आपण दोघं मिळून धुऊ.’ पुढे ‘पण तूही...’ लावलंत की माफी संपली. आणि हे रोजचंच झालं असेल, घरात कुणाला भीती वाटत असेल, तर माफीवर भागवू नका, मदत घ्या. पुढे प्रश्न १७ पाहा.

१५. घरात खरंच मोठं संकट आहे. आजारपण, कुणाचं जाणं, आम्हा दोघांचं वेगळं होणं. अशा वेळी बिया पेरणं वेडेपणा नाही का?

हा प्रश्न ज्या पालकांनी विचारला, त्यांच्यापुढे मी जपून बोलते.

हार्वर्ड विद्यापीठातलं बालविकास केंद्र ताणाचे तीन प्रकार सांगतं. शाळेचा पहिला दिवस, इंजेक्शन हा उपकारक ताण, थोड्या वेळाचा. जवळच्याचं जाणं, अपघात हा मोठा, पण मायेच्या माणसाच्या आधाराने सोसण्यासारखा. आणि मार, उपेक्षा, घरातली हिंसा असं दीर्घकाळ, आधाराशिवाय चाललं तर तो विषारी ताण, जो वाढत्या मेंदूलाही इजा करतो. तिसऱ्या प्रकारावर कुंडीचा उपाय नाही. तिथे आधी मूल सुरक्षित व्हायला हवं.

दुसऱ्या प्रकारात मात्र छोटे नेम कामाचे ठरतात. घरातलं सगळं हललेलं असताना ‘शनिवारी सकाळी आपण त्या झाडापाशी जातो’ एवढं एक न हललेलं. मोठ्या गप्पा तिथे मारायची गरज नाही. समोरासमोर बसवून विचारलं की मुलं गप्प होतात, शेजारी चालताना कधीतरी आपणहून बोलतात. जे विचारतील त्याचं खरं उत्तर, त्यांच्या वयाला पेलेल एवढं. ‘आजी झोपली आहे’ हे मृत्यूबद्दलचं उत्तर देऊ नका. काही मुलं नंतर झोपायलाच घाबरतात.

जमलं तर घरातल्या जुन्या गोष्टी सांगा. एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना आपल्या कुटुंबाबद्दल किती माहिती आहे हे तपासायला वीस प्रश्न तयार केले होते, म्हणजे आईबाबा कुठे भेटले, आजोबांवर काय वेळ आली होती, अशासारखे. ज्यांना जास्त माहिती होती, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. माहितीमुळेच विश्वास येतो असं यातून सिद्ध होत नाही. ज्या घरात गोष्टी सांगितल्या जातात तिथे एकमेकांसाठी वेळही असतो. सांगताना फक्त पराक्रम सांगू नका. काका नापास झाले ती गोष्टही येऊ द्या.

१६. कोशातून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराला मदत केली तर ते कधीच उडत नाही, म्हणून मुलांनाही मदत करू नये, हे खरं का?

ही गोष्ट मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पाठवतं. झगडण्यामुळेच पंखांत रस जातो, असं तीत म्हटलेलं असतं. प्रत्यक्षात फुलपाखरू बाहेर पडल्यावर उलटं लटकून शरीरातला द्रव चुरगळलेल्या पंखांत भरतं आणि मग ते वाळू देतं. कोश उचकटू नये हे खरंच, नाजूक जीव दुखावतो. पण माणसाचं पिल्लू फुलपाखरू नव्हे. त्याला वाढायला मोठ्यांची मदत वर्षानुवर्षं लागते, आणि मदत मागता येणं हे चिवट मुलांचं एक लक्षण आहे. मदतीच्या पायऱ्या प्रश्न ७ मध्ये आहेत.

अशाच जातीची दुसरी समजूत पक्ष्यांच्या पिल्लाची. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुधा उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं आत बांधा आणि लांबून बघा, आईबाप जवळपास असतात. पिसं न आलेलं उघडं पिल्लू असेल आणि घरटं हाताला येत असेल, तर अलगद परत ठेवा.

१७. कधी समजायचं की हे आपल्या हातातलं नाही?

दोन-चार आठवडे उलटूनही झोप, भूक, शाळा किंवा खेळ यांवर परिणाम दिसत असेल. आधी जमणाऱ्या गोष्टी मागे गेल्या असतील. मूल सगळ्यांपासून तुटल्यासारखं वागत असेल. तेव्हा बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या मानसशास्त्रज्ञांना भेटा. स्वतःला इजा करण्याचं किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोललं, तर आठवडे मोजू नका, त्याच दिवशी जा, आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका.

१८. आमच्या मुलाला यातलं काहीच आवडत नाही. माती नको, ऊन नको, पतंग नको.

मग नको. मोडकं घड्याळ उघडून परत जोडणं, तबल्यावर एक बोल बसेपर्यंत वाजवणं, पत्त्यांचा बंगला, यांतही कोसळणं आणि पुन्हा उभारणं भरपूर आहे. एक वडील चार रविवार मुलाला ओढत टेकडीवर नेत होते आणि मुलगा पायथ्याच्या दगडावरून हलत नव्हता. पाचव्या रविवारी वडिलांनी ओढायचं सोडलं आणि तेही शेजारी बसले. मुलगा खडे रंगाप्रमाणे लावत होता. तिसरी ओळ पुन्हापुन्हा घसरत होती, आणि तो ती पुन्हापुन्हा लावत होता. तासभर.